मॅगी बेल: इतका मोठा आवाज, मग नाव का नाही?

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडची ब्लूज गायिका मॅगी बेल हिच्याबद्दल थोडक्यात सांगा, आणि तिला जर 'ब्रिटनची जॅनिस जॉप्लिन' म्हणायचे, तर त्या अमेरिकी ब्लूज-रॉक गायिकेसारखं तिचं नाव सगळीकडे का पोचलं नाही?

थोडक्यात मला जमणार नाही, हे आधीच सांगतो. मी गायक नाही आणि समीक्षकही नाही. अठ्ठावीस वर्षं लाइव्ह साउंड करतोय. ऑर्केस्ट्रा, नाट्यसंगीत, कॉलेजातले रॉक बँड, गणपतीतले कार्यक्रम, सगळं केलंय. त्यामुळे मिक्सरच्या मागे बसून जे दिसतं, ऐकू येतं, त्यावरूनच उत्तर देणार. मॅगी बेलच्या गोष्टीत तर साउंडवाल्याचा फार जवळचा आणि फार वाईट संबंध आहे. त्याकडे येतोच.

आधी एक प्रयोग करा. ब्रिटिश रॉक गायक रॉड स्टुअर्टचा १९७१ चा 'एव्हरी पिक्चर टेल्स अ स्टोरी' हा अल्बम मिळवा आणि पहिलंच, त्याच नावाचं गाणं लावा. रॉडचा गळा म्हणजे घोगरेपणाची खाणच. पण गाणं अर्ध्याच्या पुढे गेलं की मागून एक बाई येते आणि त्या घोगऱ्या गळ्याला सरळ अंगावर घेते. ती मॅगी बेल. अल्बमच्या कव्हरवर तिचं काम काय लिहिलंय? कोरस नाही, साथ नाही. तिथे जे इंग्रजी शब्द आहेत त्यांचा अर्थ साधारण 'गळ्याचा पॉलिश पेपर' असा होतो. सुतार लाकूड घासायला वापरतात तो. चेष्टेत लिहिलंय, पण याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. तो अल्बम इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडे खपाच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला. म्हणजे लाखो घरांत हा आवाज वाजला, आणि ती बाई कोण हे बहुतेकांना कळलंच नाही. तिच्या कारकिर्दीत हे पुन्हा पुन्हा झालंय. (त्याच अल्बममधल्या 'मॅगी मे' या गाण्याशी तिचा काही संबंध नाही. हे दर वेळी कोणीतरी विचारतंच.)

जन्म १२ जानेवारी १९४५, ग्लासगोच्या मेरीहिल भागात. ग्लासगो म्हणजे तेव्हा क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीचं, कारखान्यांचं, कामगारांचं शहर. राहायला टेनेमेंट, म्हणजे आपल्या चाळीच्या जातीच्याच, फक्त दगडी आणि जास्त थंड इमारती. घरात गाणं-बजावणं होतं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. दिवसा दुकानांच्या काचेमागची सजावट करायची आणि रात्री गायचं.

या शहराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे तिचा आवाज कुठे घडला ते कळेल. ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवर एम्पायर नावाचं थिएटर होतं. इंग्लंडच्या विनोदी नटांचं स्मशान अशी त्याची ख्याती. लंडनचे नावाजलेले नट तिथे यायचे आणि प्रेक्षक त्यांना अक्षरशः पिटाळून लावायचे. हे असे श्रोते. त्याच रस्त्यावर लोकार्नो नावाचा डान्स हॉल होता. मॅगी तिथल्या बँडमध्ये गायली, पुढे डेनिस्टन पॅले नावाच्या दुसऱ्या डान्स हॉलच्या बँडमध्ये.

डान्स हॉलचं गाणं म्हणजे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राचं गाणं समजा. आज रेडिओवर जे वाजतंय ते उद्या तुम्हाला यायला हवं. लोक नाचायला आलेत, तुम्हाला ऐकायला नाही. मॉनिटर नाही, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मागे ब्रास वाजतंय, पुढे शे-दोनशे जोड्या नाचतायत, त्यात शब्द आणि ताल शेवटच्या भिंतीपर्यंत पोचवायचाय. आमच्या धंद्यात याला 'रियाज मंचावरच झालेला गळा' म्हणतात. अशा गायकाला माइक दिला की पाच मिनिटांत कळतं. तो माइकला चिकटत नाही, वरच्या सुराला आपणहून मान मागे घेतो, फेडरला, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला, हात लावायची वेळच येत नाही. मॅगीची लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, हेच ऐकू येईल. ती ओरडते तेव्हाही माइक फाटत नाही, कारण तिला अंतर कळतं.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, सोल त्याचंच भावंडं. ते तिथे आलं कुठून? बंदराचं शहर, अटलांटिकच्या वाटेवरचं. अमेरिकी रेकॉर्ड जहाजांवरून यायच्या. १९६१ पासून ग्लासगोजवळच्या होली लॉकमध्ये अमेरिकी नौदलाचा पाणबुडी तळही होता. आणि ग्लासगोकडे अॅलेक्स हार्वी हा गायक होता. हा माणूस वयाने दहा वर्षं मोठा, ब्लूज आणि सोलच्या नादाने पार पछाडलेला. मॅगी एकदा त्याच्या कार्यक्रमात सरळ मंचावर चढली आणि गायली. त्याने तिची गाठ आपल्या धाकट्या भावाशी घालून दिली. लेझली हार्वी, सगळे लेस म्हणायचे. गिटार वाजवायचा, 'किनिंग पार्क रॅम्बलर्स' नावाच्या बँडमध्ये. मॅगी त्या बँडमध्ये गाऊ लागली. तो बँड मोडला, मग वर सांगितलेले डान्स हॉल, १९६६ मध्ये बॉबी कर या गायकाबरोबर 'फ्रँकी अँड जॉनी' या नावाने काढलेल्या एक-दोन रेकॉर्ड. त्या कोणी घेतल्या नाहीत. मग पुन्हा लेसबरोबर नवा बँड, नाव 'पॉवर'.

'पॉवर' वाजवायचा तो पब म्हणजे वेस्ट रीजंट स्ट्रीटवरचा बर्न्स हाउफ. हाउफ म्हणजे स्कॉट बोलीत अड्डा. १९६७ मध्ये हीच मंडळी जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी तळांवर वाजवायला गेली. हा अनुभव साधा समजू नका. व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात, समोर अमेरिकी सैनिक, त्यांतले कितीतरी ज्या गावांतून ब्लूज आणि सोल आलं तिथलेच, आणि गाणारी मेरीहिलची एक गोरी पोर. कोल्हापूरच्या फडावर जाऊन परक्याने लावणी म्हणण्यासारखं आहे ते. ठसका खोटा असेल तर पहिल्याच ओळीला कळतं.

१९६९ मध्ये लेस 'कार्टून' या दुसऱ्या ग्लासगोच्या बँडबरोबर अमेरिकेला गेला, लेड झेपेलिन या बलाढ्य ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्यात. तिथून पीटर ग्रँट या प्रकरणात आला. लेड झेपेलिनचा मॅनेजर, पूर्वी कुस्त्याही खेळलेला, देहाने आणि दराऱ्यानेही अवाढव्य. त्याच्याबरोबर मार्क लंडन, ज्याने लुलू या गायिकेच्या 'टू सर विथ लव्ह' या गाण्याला चाल दिली होती. लुलूसुद्धा ग्लासगोचीच. ग्रँटने 'पॉवर' ऐकला आणि बँडला नवं नाव मिळालं: 'स्टोन द क्रोज'. जुन्या इंग्रजीत हे आश्चर्याचे उद्गार आहेत. आपण 'आई शप्पथ' म्हणतो ना, त्यातलाच प्रकार.

पहिला संच असा: मॅगी, लेस, बासवर जेम्स ड्यूअर, कीबोर्डवर जॉन मॅकगिनिस, ड्रम्सवर कॉलिन अॅलन. अॅलन हा जॉन मेयॉलच्या बँडमधून आलेला, म्हणजे ब्रिटिश ब्लूजच्या मुख्य तालमीतला. ड्यूअर स्वतः उत्तम गायचा, त्यामुळे पहिल्या दोन अल्बममध्ये दोन गळे आहेत आणि मला त्यातच खरी मजा वाटते. मॅगीचा खरखरीत, त्याचा मऊ. १९७० मध्येच दोन अल्बम आले. पहिल्याची अख्खी दुसरी बाजू म्हणजे 'आय सॉ अमेरिका' हे एकच गाणं, सतरा मिनिटांचं. मला ते लांबलचक वाटतं, खरं सांगायचं तर. पण पहिल्या बाजूवर बीटल्सचं 'फूल ऑन द हिल' तिने जसं घेतलंय ते जरूर ऐका. मूळ गाणं तरंगतं, हिचं जमिनीवरून चालतं. दुसऱ्या अल्बममध्ये पर्सी मेफील्डचं 'डेंजर झोन' आहे. संथ ब्लूज, आणि त्यात ती जवळजवळ काहीच करत नाही. ओळ संपते तिथे सूर सोडून देते, बस. ओरडणाऱ्या गायिका पुष्कळ असतात हो, असं थांबता येणाऱ्या कमी.

१९७१ मध्ये ड्यूअर आणि मॅकगिनिस गेले. ड्यूअर पुढे गिटारवादक रॉबिन ट्रॉवरबरोबर गाजला. त्यांच्या जागी स्टीव्ह थॉम्पसन आणि रॉनी लेही आले, आणि 'टीनेज लिक्स' निघाला. मला विचाराल तर हाच त्यांचा सर्वांत घट्ट अल्बम. १९७२ मध्ये 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम गायिका म्हणून निवडलं. त्याच वर्षी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर 'टॉमी' या 'द हू' बँडच्या रॉक ऑपेराचं जे मोठं रेकॉर्डिंग झालं, त्यात आईची भूमिका तिने गायली. सगळं नीट जुळून येत होतं.

आता ३ मे १९७२. वेल्समधल्या स्वान्झी गावातला टॉप रँक बॉलरूम. लेस हार्वीच्या हातात गिटार होतं आणि त्याने माइकला हात लावला. माइकला अर्थिंग नव्हतं. विजेचा धक्का बसून तो मंचावरच गेला. वय २७. मॅगी त्याच बँडची गायिका, आणि आयुष्यातही त्याचीच जोडीदार.

बहुतेक ठिकाणी हे एका वाक्यात लिहून पुढे जातात. मला जाता येत नाही. मी धंद्यात नवा असताना ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी मला केबल गुंडाळायला शिकवायच्या आधी ही गोष्ट सांगितली होती. त्यांना मॅगी बेल माहीत नव्हती, स्वान्झी माहीत नव्हतं. 'विलायतेत एक गिटारवाला माइक धरून मेला' एवढंच. नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि तिथून मी मॅगीपर्यंत आलो. म्हणजे माझ्या बाबतीत सगळं उलटं झालं, आधी मरण कळलं आणि मग गाणं.

हे होतं कसं, ते समजून घ्या. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा टेकतात ती धातूची पट्टी), जॅकमधून, केबलच्या जाळीतून अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि तो पत्रा अर्थला. माइकची जाळी तशीच केबलमधून मिक्सरच्या पत्र्याला, आणि तोही अर्थला. दोन्हीकडचं अर्थिंग धड असेल तर तारा आणि माइक यांच्यात फरक शून्य. पण यातल्या एकाचं अर्थिंग तुटलं, आणि आतून कुठेतरी वीज पत्र्यावर उतरली, की मधे उभा असलेला वादक म्हणजे दोघांना जोडणारी वायर. ब्रिटनमध्ये तेव्हा २४० व्होल्ट. एक हात तारांवर, दुसरा माइकवर: करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडतो. शंभर मिलिअँपिअरच्या आतबाहेर करंटसुद्धा हृदयाचा ठोका विस्कटायला पुरतो. आणि स्नायू आकसतात, मूठ मिटते, म्हणजे सोडायचं म्हटलं तरी हात सुटत नाही. आज आपण ३० मिलिअँपिअरला पडणारा ब्रेकर लावतो तो यासाठीच. १९७२ मध्ये असे ब्रेकर मंचावर सर्रास नसायचे.

आणि अर्थिंग तुटतं कसं? बऱ्याचदा आपणच तोडतो. स्पीकरमधून 'हम्म्म' असा आवाज यायला लागला की कोणीतरी शहाणा प्लगमधली अर्थची वायर काढून ठेवतो. हम जातो, सगळे खूश. ही खोड जगभर आहे आणि आपल्याकडे तर भरपूर आहे.

माझ्याच डोळ्यांसमोरचं सांगतो. परतीच्या पावसाचे दिवस, तालुक्याचं गाव, शाळेचं मैदान, खाली ओली माती, मंचावर भिजलेलं कार्पेट. जनरेटरवाला 'अर्थिंग केलंय साहेब' म्हणाला. खिळा ठोकलेला मी पाहिलाही होता. गिटारवाला पोरगा माइकपाशी गेला, ओठ लागले आणि तो झटकन मागे झाला. 'दादा, मुंग्या आल्या.' मी मल्टिमीटर घेतला, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला: ११० व्होल्ट. खिळा होता, पण खिळ्याची वायर जनरेटरच्या बाजूने सुटलेली होती. मेन बंद केला, कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला, आयोजक माझ्यावर ओरडला. ओरडू दे. त्या दिवसापासून साउंड चेकच्या आधी तार-ते-जाळी मोजल्याशिवाय मी कोणालाही मंचावर चढू देत नाही. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर कारण सापडेपर्यंत सगळं बंद. माइकवर स्पंजची टोपीही घालतो. लोकांना वाटतं फुंकर लागू नये म्हणून. त्यासाठीही आहे, पण ओठ आणि लोखंड यांच्यामध्ये काहीतरी असावं म्हणूनही आहे.

(लेसनंतर चार वर्षांनी, १९७६ मध्ये, यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडचा गायक कीथ रेल्फ घरीच गिटार वाजवताना अर्थिंगच्याच घोटाळ्याने गेला.)

असो. मॅगी पुन्हा उभी राहिली, आणि किती लवकर पाहा. त्याच मे महिन्याच्या शेवटी लिंकनजवळच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये 'स्टोन द क्रोज' वाजले. ऐनवेळी गिटारला 'येस' या बँडचा स्टीव्ह हाउ उभा राहिला. मग जिमी मॅककुलक हा ग्लासगोकडचाच, विशीही न गाठलेला गिटारवादक बँडमध्ये आला. लेस असताना सुरू झालेला 'ऑन्टिन्युअस परफॉर्मन्स' त्याच्या साथीने पुरा झाला. इंग्लंडच्या यादीत तो ३३ व्या नंबरपर्यंत गेला, म्हणजे त्यांचा सर्वांत चाललेला अल्बम हा. पण बँडचं काळीज गेलेलं होतं. लेस नुसता गिटारवादक नव्हता, गाणी आणि मांडणी त्याच्याकडून यायची. १९७३ मध्ये बँड मोडला. मॅककुलक पुढे बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या 'विंग्ज' या बँडमध्ये गेला.

इथून पुढे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग.

मॅगीला एकटीने उभं करायचं तर अमेरिकेत करायचं, असं ठरलं. तिला न्यूयॉर्कला नेलं आणि जेरी वेक्सलरच्या हाती दिलं. ज्याने सोल गायिका अरीथा फ्रँकलिनला अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत आणून तिचा खरा आवाज लोकांना ऐकवला, तो वेक्सलर. 'रिदम अँड ब्लूज' हे नावसुद्धा त्यानेच रूढ केलेलं. साथीला गिटारवर कॉर्नेल डुप्री, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड अशी माणसं. १९७४ मध्ये 'क्वीन ऑफ द नाइट' आला. साउंडवाला म्हणून सांगतो, रेकॉर्डिंग देखणं आहे. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, गळ्याला मोकळी हवा. पण ऐकताना मला कायम वाटतं की बाईला कडक इस्त्रीचे कपडे घातलेत. ग्लासगोची ती भांडकुदळ धार जरा बोथट झालीये. अमेरिकेच्या शंभर गाण्यांच्या यादीत त्यातलं 'आफ्टर मिडनाइट' तळाला टेकलं आणि निघून गेलं.

आणि त्या अल्बममध्ये एक गाणं आहे, 'अ वुमन लेफ्ट लोन्ली'. डॅन पेन आणि स्पूनर ओल्डहम यांनी लिहिलेलं. तीन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, हेच गाणं जॅनिस जॉप्लिनच्या 'पर्ल' अल्बममध्ये आलं होतं, तिच्या मृत्यूनंतर. आता सांगा, जिला सगळे 'दुसरी जॅनिस' म्हणतायत तिला अमेरिकेत सादर करताना जॅनिसचंच गाणं द्यायचं? कोणी ठरवलं ते असो, माझ्या मते ही चूक होती. जॅनिस ऑक्टोबर १९७० मध्ये गेली होती, जागा रिकामी होती आणि कंपन्यांना ती भरायची होती. पण गेलेल्या माणसाची जागा भरायला आलेल्याकडे लोक कायम मापं काढत बघतात. नाटकात मूळ नटाच्या जागी उभं राहणाऱ्याला विचारा.

शिवाय तुलनाच मुळात ढोबळ. दोघी घोगऱ्या, दोघी गोऱ्या, दोघी ब्लूज गाणाऱ्या, इथे साम्य संपलं. जॅनिस स्वतःला गाण्यात झोकून देते, सूर फाटला तर फाटू दे, तेच तिचं मोल. मॅगीचा सूर फाटत नाही. ती तालाच्या जरा मागे राहून शब्द टाकते, डान्स हॉलच्या बँडमध्ये घासलेल्या माणसासारखी, आणि तिच्या दुःखात एक खडूसपणा असतो. रडतेय की टोमणा मारतेय, नक्की कळत नाही. तो अस्सल ग्लासगोचा गुण आहे. जाहिरातीत तो कधी आलाच नाही.

१९७५ मध्ये 'सुइसाइड सॅल' आला. हा मला जास्त आवडतो. दोन गाण्यांत लेड झेपेलिनच्या जिमी पेजचं गिटार आहे. 'फ्री' या बँडचं 'विशिंग वेल' तिने असं घेतलंय की मूळचं काही काळ विसरायला होतं. अमेरिकेत हा अल्बम 'स्वान साँग'वर निघाला, म्हणजे लेड झेपेलिनने आदल्या वर्षी काढलेल्या स्वतःच्या कंपनीकडून. ऐकायला भारी वाटतं. पण त्याच कंपनीत 'बॅड कंपनी' नावाच्या बँडचा पहिला अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेला, आणि सगळ्यांच्या वर खुद्द लेड झेपेलिन. पीटर ग्रँटचा दिवस चोवीस तासांचाच होता. मोठ्या वडाखाली ऊन पोचत नाही, तसं झालं. मग १९८० मध्ये झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला, ग्रँट खचला, आणि तीन वर्षांत कंपनीच बंद झाली. मधल्या काळात, १९८१ मध्ये, मॅगीने 'मिडनाइट फ्लायर' नावाचा बँड काढून एक दणदणीत अल्बम केला, 'बॅड कंपनी'च्या मिक राल्फ्सने तो प्रोड्यूस केला होता. पण पंक नावाचं आडदांड रॉक येऊन गेलं होतं, सिंथेसायझरचे दिवस आले होते. ब्लूज-रॉक तेव्हा लंडनमध्ये कोणाला नको होतं.

त्यात ती गाणी मुख्यतः दुसऱ्यांची गायची. आपल्याकडे यात काही कमीपणा नाही, आपले सगळे मोठे पार्श्वगायक तेच करतात. तिकडे १९७० च्या सुमाराला स्वतः लिहिणाऱ्यालाच कलावंत मानायची पद्धत पडली होती. लेस असता तर ही बाजू सांभाळली गेली असती, असं माझं मत.

तर नाव राहिलं बाजूला. पण आवाज? तो टीव्हीवर गेला. १९७८ मध्ये 'हेझल' या गुप्तहेर मालिकेचं शीर्षकगीत तिने गायलं, ते ३७ व्या नंबरपर्यंत चढलं. १९८१ मध्ये ग्लासगोच्याच बी. ए. रॉबर्टसनबरोबर 'होल्ड मी' हे जुनं गाणं गायलं, ते अकराव्या. आयुष्यातला तिचा सर्वांत मोठा हिट हाच, आणि त्यात ब्लूज औषधालाही नाही!

आणि मग 'टॅगार्ट'. स्कॉटिश टेलिव्हिजनची पोलिसी मालिका, १९८३ पासून २०१० पर्यंत चालली. तिचं 'नो मीन सिटी' हे शीर्षकगीत, संगीत माइक मोरनचं, आवाज मॅगीचा. पोलिस कुठले? मेरीहिलचे. म्हणजे जिथे ती जन्मली त्याच वस्तीच्या नावाने चालणाऱ्या मालिकेत तिचा आवाज पाव शतक वाजत राहिला. मुख्य नट मार्क मॅकमॅनस १९९४ मध्ये वारला, टॅगार्ट नावाचं पात्रच उरलं नाही, तरी मालिका त्याच नावाने चालली. स्कॉटलंडमध्ये त्या पिढीतल्या कोणालाही हे गाणं गुणगुणून दाखवा, ओळखतील. गायिकेचं नाव विचारा, आठवायला वेळ लागेल.

मधली सुमारे दोन दशकं ती हॉलंडमध्ये राहिली. युरोपात ब्लूजला श्रोते टिकून आहेत, क्लब आहेत, तिथे कलाकाराचं पोट भरतं. २००६ च्या सुमाराला ब्रिटनला परतली आणि 'ब्रिटिश ब्लूज क्विंटेट'मध्ये गाऊ लागली. बरोबर झूट मनी, मिलर अँडरसन, कॉलिन हॉजकिन्सन. आणि ड्रम्सवर कोण? कॉलिन अॅलन, 'स्टोन द क्रोज'चाच. त्यांचा ग्लासगोचा लाइव्ह अल्बम २००७ मध्ये आला. गळा खाली उतरलाय, वरचे सूर ती जपून लावते, पण ओळीच्या शेवटी सूर सोडून द्यायची ती जुनी सवय तशीच आहे. आणि अॅलन तिच्यासाठी थांबतो. ती कुठे मागे राहणार हे त्याला १९६९ पासून ठाऊक आहे.

ऐकायला सुरुवात 'टीनेज लिक्स'पासून करा, मग 'सुइसाइड सॅल'. 'अ वुमन लेफ्ट लोन्ली' दोघींचं ऐकणार असाल तर मॅगीचं आधी लावा. जॅनिसचं आधी लावलंत तर कान तिचेच होऊन बसतात.